अण्णा हलतोय

मगदूम मॅडमच्या खोलीत दोघं एकदम बोलले की दोघांनाही बाहेर जावं लागायचं. आरडाओरडा नाही, रागावणं नाही. मॅडम नुसतं दाराकडे बोट करायच्या. बाहेर व्हरांड्यात उभं राहून आधी कोण बोलणार ते ठरवायचं आणि मग एकेकानं आत यायचं. हा नियम विद्यार्थ्यांना होता, शिपायांना होता, विभागप्रमुखांना होता आणि एकदा तो बाहेरगावाहून आलेल्या तपासणी समितीलाही लागला. समितीतले दोन ज्येष्ठ प्राध्यापक व्हरांड्यात उभे राहून "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" करत असताना मी स्वतः पाहिले आहेत. मी तेव्हा त्यांच्या शेजारीच उभा होतो, कारण मलाही बाहेर काढलेलं होतं.

"सगळे एकदम पेटले की नुसता उजेड," मॅडम म्हणायच्या. "दिसत काय न्हाय."

हे त्यांचं आयुष्यभराचं वाक्य. लग्नाच्या मांडवात ऐकवायच्या, एसटीच्या रांगेत ऐकवायच्या, आणि भौतिकशास्त्राच्या वर्गात तर ऐकवायच्याच, कारण त्यांचं सगळं काम ह्या एका वाक्यावर उभं होतं.

मॅडम कोल्हापुरातल्या एका जुन्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या. घर जयसिंगपूरला. सकाळच्या गाडीनं यायच्या, संध्याकाळच्या गाडीनं जायच्या. कपाळावर विभूतीची बारीक रेघ, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत भडंगाचा डबा आणि लेन्स पुसायचे कागद. घरी मराठी आणि कानडी दोन्ही चालायच्या, त्यामुळे आम्ही मुलगे सगळे 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, आणि मुली 'तंगी'. आमची नावं त्यांना माहीत होती की नाही, ह्याची मला शेवटपर्यंत खात्री झाली नाही. मी त्यांचा शेवटचा संशोधक विद्यार्थी. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "हा माझा शेवटचा. ह्याच्यानंतर मला दुसरा घ्यायचं धाडस झालं न्हाय."

मी मलकापूरजवळच्या खेड्यातला. पहिल्या भेटीला मी भौतिकशास्त्राची चार पुस्तकं पाठ करून गेलो होतो. मॅडमनी विचारलं, "भाकरी थापाय येती का?"

मी म्हणालो, "नाही मॅडम. आई करते."

"आई करती ते झालं. तू काय करतोस?"

मी म्हणालो, "खातो."

त्यांनी फळ्यावर खडूनं एक वेडावाकडा गोल काढला. "ही तुझ्यासारख्यानं थापल्याली भाकरी. हिचा मध्य कुठाय?" मी बोट ठेवलं. त्यांनी बोटाच्या जागी एक बारीक टिंब दिलं. "बघ. भाकरी वीतभर, पण मध्य टाचणीएवढा. भाकरी केवढीबी असू दे, मध्य सापडतोय. ही दोन्ही वाक्यं ध्यानात राहिली तर ये, न्हायतर मलकापूरची गाडी स्टँडवर लागल्याली असती."

दोन्ही म्हणजे हे भाकरीचं आणि दारातच ऐकवलेलं उजेडाचं. मला त्या दिवशी काहीही कळलं नाही. कळल्यासारखी मान मात्र मी फार छान हलवली.

कळलं ते पन्हाळ्यावर. नव्या विद्यार्थ्याला मॅडम एकदा दिवेलागणीला पन्हाळ्याच्या तटावर घेऊन जायच्या. खाली लांबवर कोल्हापूरचे दिवे लागत होते. आधी एकेक, मग पुंजके, मग सगळं मिळून एक पिवळा पट्टा. "आता सांग, ह्यात तुझी खोली कंची?" मॅडमनी विचारलं. सांगता येणं शक्यच नव्हतं. "का न्हाय सांगता येत? दिवा लांबून बघितला की तो टिंब दिसत न्हाय, पसरून गोळा दिसतोय. शेजारचाबी गोळा. दोन गोळे एकमेकांत शिरले की संपलं. सूक्ष्मदर्शकाचंबी तेच. भिंग कितीबी भारी आण, प्रकाश म्हंजे लाट, ती पसरणारच. त्या लाटेच्या निम्म्यापेक्षा जवळ दोन गोष्टी असल्या की त्या एकच दिसणार. लई वर्षं लोक म्हणायचे, हितं रस्ता संपला."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, गावाला सांगायचं, सगळ्यांनी दिवे बंद करा. आता एकेकानं लावा आन् लगेच विझवा. गोळाच दिसंल, पण एकटा दिसंल. एकट्या गोळ्याचा मध्य सापडतोय का न्हाय?"

"भाकरीसारखा," मी म्हणालो.

"शाबास. नकाशावर टिंब दे. पुढचा दिवा. परत टिंब. सगळ्या गावाची टिंबं झाली की तुझी खोली दिसंल, खोलीतली खुंटी दिसंल, आन् खुंटीवरचा न धुतल्याला शर्टबी दिसंल."

हेच मॅडम पेशीतल्या रेणूंशी करत होत्या. रेणूंना चमकणारा रंग लावायचा, लेसरच्या उजेडात एका वेळी थोडेच चमकू द्यायचे, प्रत्येकाचा मध्य काढायचा आणि हजारो टिंबांतून चित्र उभं करायचं. असं यंत्र मोठ्या शहरांतल्या मोठ्या संस्थांत तयार विकत आणतात. मॅडमनी ते कॉलेजच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत आरसा-आरसा जोडून उभं केलं होतं. खिडक्यांना काळं कापड, मध्ये भलं जाड टेबल. उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यानं गाण्यांचा दणदणाट करत ट्रॅक्टर जायचे, तेव्हा काम थांबवायचं. मॅडम अंधारात हाताची घडी घालून बसायच्या आणि ट्रॅक्टर गेला की म्हणायच्या, "गेला पावना. चला."

माझ्या आईनं गावात सांगितलं होतं की पोरगा चष्म्याचं शिकतोय. मी ते कधी दुरुस्त केलं नाही, कारण मी प्रत्यक्षात जे करत होतो ते सांगितलं असतं तर तिला जास्त काळजी वाटली असती.

उदाहरणार्थ गुळाचा प्रकार. ते रेणू नीट लुकलुकावेत म्हणून नमुना एका द्रावणात बुडवावा लागतो. त्या द्रावणातला प्राणवायू काढून टाकायचा असतो, आणि तो काढणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ग्लुकोजवर चालतं. एकदा मॅडम घरच्या कार्याला रजेवर होत्या आणि ग्लुकोजची बाटली रिकामी झाली. मी विचार केला, साखर ती साखर. माझ्या खोलीवर घरून आलेली गुळाची ढेप होती. अस्सल, पिवळाधमक गूळ. त्यातला खडा पाण्यात विरघळवला, स्वच्छ रुमालातून गाळला आणि विकराला पाजला. लेसर लावला. पडद्यावर एकेक दिवा लुकलुकायच्या ऐवजी सगळा पडदा असा ढणाढणा पेटला की कॅमेरा गेला असं समजून मी मुख्य बटणच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चित्र पाहिलं, मग बाटलीचं झाकण उघडून लांबूनच वास घेतला. "तम्मा," त्या शांतपणे म्हणाल्या, "हितं गुऱ्हाळ कुणी काढलं?"

मी सगळं सांगितलं. त्या हसता हसता टेबलावर टेकल्या, मग टेबल हलेल म्हणून घाईनं बाजूला झाल्या आणि भिंतीला धरून हसल्या. "अरे, गूळ सोताच चमकतोय लेसरखाली! यव्वा! साऱ्या जगात ही चूक दुसरा कोण करंल? त्यासाठी कोल्हापुरातच जन्मावं लागतंय." त्यांनी ते पांढरं फटक चित्र छापून भिंतीवर लावलं. खाली लिहिलं, 'तम्माचं गुऱ्हाळ'. पाहुणे आले की यंत्र नंतर, आधी ते चित्र दाखवलं जायचं. अशी माझी पहिली वैज्ञानिक प्रसिद्धी.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. मॅडमचे थोरले भाऊ, सगळे त्यांना अण्णा म्हणत. जयसिंगपूरच्या पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान. वडील लवकर गेल्यावर अण्णांनी धाकट्या बहिणीला शिकवलं. लग्नाला नाही म्हणाली तेव्हा सगळ्या भावकीपुढे उभे राहून, "तिला न्हाय करायचं, विषय संपला," असं सांगणारे हेच. पहाटे उठल्यापासून दुकान बंद होईपर्यंत अण्णा एका जागी, एका गादीवर, एका मुद्रेत बसलेले असत. मॅडम म्हणायच्या, "भूकंप झाला तर अण्णाला बघून मला कळंल. अण्णा हलला तर भूकंप, न्हायतर ट्रॅक्टर."

यंत्रात अशाच एका न हलणाऱ्या माणसाची गरज असते. चित्र पुरं व्हायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात नमुना उष्णतेनं, धक्क्यानं जरासा सरकतो, आणि आपण इतकं बारीक बघत असतो की तेवढंही फार होतं. म्हणून काचेवर सोन्याचे अतिसूक्ष्म मणी टाकतात. ते काचेला चिकटून बसतात आणि सतत चमकतात. त्यातला एक मणी निवडायचा आणि तो स्थिर आहे असं धरून बाकी सगळ्यांची जागा त्याच्या हिशेबानं दुरुस्त करायची. मॅडम प्रत्येक काचेवरचा सगळ्यांत तेजस्वी मणी निवडायच्या आणि त्याला अण्णा म्हणायच्या.

"तम्मा, अण्णा सापडला?"

"सापडला मॅडम."

"बसलाय का नीट?"

"बसलाय."

"मग चालू दे."

खऱ्या अण्णांना हे कळलं तेव्हा त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगितलं. पातेलं घ्यायला आलेल्या बाया सोन्याच्या मण्याची गोष्ट ऐकून जायच्या.

मॅडम निवृत्तीला आल्या तेव्हा त्या खोलीचा प्रश्न उभा राहिला. आमचे प्राचार्य वाईट माणूस नव्हते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी खेड्यापाड्यांतली मुलं कॉलेजच्या जिन्यात बसून अभ्यास करायची, त्यांना अभ्यासिका हवी होती आणि तळमजल्यावर तेवढीच मोठी खोली होती. प्राचार्य स्वतः येऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्यामागं हे यंत्र चालवणार कोण, असं वर विचारतात. एक चांगला शोधनिबंध येऊ दे. तो दाखवून मी खोली राखतो. तुम्ही निवृत्तीनंतरही या, काम करा. शब्द माझा."

मॅडमना दुसरं काही नकोच होतं. निवृत्तीवेतन नको, सत्कार नको, पण ती अंधारी खोली हवी होती. आणि शोधनिबंध लिहायला आमच्याकडे मोठी गोष्ट होती. उसाच्या मुळाच्या पेशीत कडेकडेनं बारीक तंतू असतात, पेशीला आकार देणारे. ते एकेकटे असतात असं सगळे मानत. आमच्या चित्रात ते जोडीनं दिसत होते. शेजारी शेजारी दोन, सगळीकडे दोन. काच बदलली, मूळ बदललं, तरी जोडी कायम. मॅडम सकाळी आल्या की आधी पडद्यावरच्या जोडीला नमस्कार करायच्या. आम्ही निबंध लिहिला, पाठवला, परीक्षकांच्या शंकांना उत्तरं दिली, आणि एक दिवस तो स्वीकारल्याचा निरोप आला.

मग कोल्हापूर जागं झालं. माझा मित्र बाळ्या आमच्या पेठेतल्या तालीम मंडळाचा अध्यक्ष. त्यानं मला न विचारता चौकात फलक लावला. मध्यभागी मी, गॉगल घालून. तो फोटो त्यानं एका लग्नातून कापला होता. कोपऱ्यात मॅडम. वर मोठ्या अक्षरांत, 'उसाच्या पोटातलं गुपित फोडणारा पठ्ठ्या'. खाली मंडळाचे सगळे सदस्य, आणि शेजारी सूक्ष्मदर्शक म्हणून एक भलीमोठी दुर्बीण, आकाशाकडे तोंड केलेली. मी बाळ्याला म्हणालो, "अरे, ही दुर्बीण आहे!" तो म्हणाला, "मग काय झालं? खाली वळवली की झालं की!"

प्राचार्यांनी सत्काराची तारीख ठरवली. मॅडम गप्प गप्प पण खुशीत होत्या. खोलीच्या दाराला नवं काळं कापड आणलं त्यांनी, पुढच्या दिवसांसाठी.

आणि मी भडंग खाल्लं.

निबंध छापणाऱ्यांना एक चित्र जास्त स्वच्छ करून हवं होतं. मोजमाप सगळं आधीचंच होतं. नुसतं संगणकाला पुन्हा सांगायचं होतं की अण्णा कुठला. मॅडमच्या डब्यातलं भडंग तोंडात टाकून मी माऊस सरकवला, लाल तिखट घशात गेलं, जोराचा ठसका आला आणि बोट दाबलं गेलं. कुठे दाबलं गेलं ते डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसलं नाही. संगणक कामाला लागला. मी पाणी प्यायला गेलो. परत येऊन पाहतो तर चित्र एकदम स्वच्छ, सुरेख, आणि जोडी गायब. सगळीकडे एकेकच तंतू.

 मी यंत्र बिघडवलं असं मला वाटलं. माझा एकूण इतिहास पाहता दुसरं काही वाटायचं कारणच नव्हतं. जोडी परत आणायला मी केबली काढून लावल्या, संगणक बंद करून चालू केला, शेवटी हात जोडून पडद्यासमोर उभा राहिलो. मी त्याच अवस्थेत असताना मॅडम आत आल्या.

"कुणाची आरती चाललीया?"

"मॅडम, जोडी गेली."

"गेली म्हंजे?"

मी भडंगापासून सगळं सांगितलं. त्या खुर्ची ओढून बसल्या. पडद्यावर मी निवडलेला मणी शोधला. कोपऱ्यातला एक अगदी मिणमिणता, एकटा मणी. मग त्यांनी दुसरा मिणमिणता मणी निवडला. तंतू एकेकच. तिसरा निवडला. एकेकच. मग अण्णा निवडला. जोडी.  

मग त्यांनी अण्णाचं एकट्याचं चित्र मोठं करून पाहिलं. तो एक मणी नव्हताच. दोन-तीन मण्यांचा गठ्ठा होता. म्हणून तर इतका तेजस्वी. खालचा काचेला चिकटलेला, वरचे त्याच्यावर लटकलेले, आणि ते इकडून तिकडे, तिकडून इकडे डुलत होते. त्याला आम्ही स्थिर धरलं, म्हणून त्याचं डुलणं बाकी सगळ्यांच्या माथी गेलं. प्रत्येक काचेवर आम्ही सगळ्यांत चमकणारा मणी उचलला, म्हणजे प्रत्येक वेळी गठ्ठाच उचलला. तंतू बिचारे सगळे एकाच दिशेनं जाणारे, त्यामुळे सगळ्या जोड्या एकाच बाजूला का, असा संशयही आम्हाला आला नाही.

"अण्णा हलतोय," मॅडम म्हणाल्या.

 मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तम्मा, आजवर तुझ्या हातून एक गोष्ट बरोबर झाली, तीबी ठसका लागून." आणि हसल्या. पण ते हसणं गुळाच्या दिवसासारखं नव्हतं. लेन्स पुसायचा कागद घेऊन त्यांनी स्वच्छ असलेली लेन्स पुसली. ठेवली. पुन्हा उचलून पुसली.

मी आवाज खाली आणून म्हणालो, "मॅडम, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. निबंध येऊ दे. खोली राहू दे. मग सावकाश दुरुस्ती पाठवू."

"आन् तवर हितं बसून काय बघायचं?"

"मॅडम, खोली जाईल."

"खोली कशाला पायजे होती? बघायला. न बघता मिळाली तर ते गोदाम झालं. अण्णाच्या दुकानामागं एक हाय की गोदाम, तिथं बसीन." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "रोज नमस्कार केला रे मी त्या जोडीला."

त्याच दुपारी त्यांनी निबंध मागे घेत असल्याचं कळवलं. प्राचार्यांना जाऊन सांगितलं. प्राचार्यांनी डोक्याला हात लावला. "मॅडम, उद्या सत्कार आहे! फेटे सांगितलेत, लोक बोलावलेत. उद्याचं होऊ दे, मग जाहीर करा."

"फेटे राहू द्यात. बोलावलंय तर बोलते."

सत्काराला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत धुवट टोपी घालून अण्णा बसले होते, मागे बाळ्याचं अख्खं मंडळ. प्राचार्यांनी चाचरत प्रास्ताविक केलं. मॅडम उठल्या. शाल घेतली नाही, फेटा बांधू दिला नाही. पडद्यावर जोडीचं चित्र लावलं, आणि पन्हाळ्यापासून सुरुवात करून भाकरी, दिवे, मणी असं सगळं इतकं सोपं सांगितलं की बाळ्यासुद्धा पुढे सरकून ऐकायला लागला. मग म्हणाल्या, "तर ही जोडी. ह्या जोडीसाठी आज तुम्ही आलाय. आन् ही जोडी न्हाय. मी चुकले. सगळ्यात चमकणारा तोच स्थिर, असं मी धरलं. तपासलं न्हाय. ज्याला मी अण्णा म्हणत होते, तोच हलत होता."

 पहिल्या रांगेतून अण्णा उभे राहिले. सगळ्यांदेखत, ताठ.

"मग त्या डुलणाऱ्याला माझं नाव कशाला ठेवलतंस?"

"चमकत होता म्हणून ठेवलतं," मॅडम वरून म्हणाल्या.

"मी कवा चमकलो गं? अंधाऱ्या दुकानात बसून जन्म गेला माझा."

 मॅडम म्हणाल्या, "तेच चुकलं, अण्णा. कोपऱ्यातल्या मिणमिणत्याला तुझं नाव द्यायला पायजे होतं."

अण्णा "मग आत्ता दे," म्हणाले आणि खाली बसले. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजे काय सापडलंच न्हाय म्हणा की!" मॅडम म्हणाल्या, "पावनं, जोडी न्हाय, हे सापडलं." बाळ्यानं शिट्टी मारली. ती कौतुकाची होती, पण तालमीतली असल्यामुळे प्राचार्य दचकले.

चौकातला फलक त्या रात्रीच उतरला. बाळ्यानं तो फेकला नाही. घरच्या गोठ्यावर घातला. पुढे पुष्कळ दिवस म्हशींच्या डोक्यावर मी गॉगल घालून होतो.

मॅडम गेल्या त्याला आता काही महिने झाले. जयसिंगपुरात, आजारी न पडता, सकाळी. मी आता पेठ वडगावला शिकवतो. माझी पदवी झाली ती जोडीवर नाही, तर खुणेचे मणी कसे फसवतात आणि ते कसे तपासायचे ह्यावर. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक म्हणाले, "विषय फार नेमका निवडलात." मी मान हलवली. ती कला मला पहिल्यापासून येतेच.

खोली गेली. त्याला इलाज नव्हता. दाखवायला निबंध नव्हता आणि जिन्यात बसलेली मुलं खरी होती. निवृत्तीच्या दिवशी दुपारी मॅडमनी अण्णांचं नाव दिलेला एक मिणमिणता, एकटा मणी धरून उसाच्या मुळाचं शेवटचं चित्र मला घ्यायला लावलं. ही चूक कशी झाली ते सांगणारी छोटी टीप पाठवायची होती, त्यासाठी. काम अर्ध्यावर आलं असताना प्राचार्य किल्ली घ्यायला आले. बरोबर सुतार होता, टेबलांची मापं घ्यायला. त्याला त्यांनी बाहेरच थांबवलं.

"झालं का मॅडम?"

"न्हाय. बसा."

प्राचार्य अंधारात चाचपडत बसले. इतके दिवस त्या खोलीचा प्रश्न चालला होता, पण यंत्र चालू असताना ते आत कधी बसले नव्हते. पडद्यावर एक टिंब उमटलं. विझलं. दुसरीकडे एक. मग कुठेच काही नाही, मग एकदम लांब कोपऱ्यात एक. त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो बंद केला. काही वेळानं ते म्हणाले, "हे असं किती वेळ?"

"सुम्म, गप बसा की. एकेक येतंय."

टिंबांची रांग होऊ लागली. रांगेची रेघ झाली. एक रेघ, तिच्यापासून सुटी दुसरी, पुढे तिसरी, स्वच्छ, वेगवेगळ्या. प्राचार्य खुर्ची ओढत पडद्याजवळ गेले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"मॅडम, एकेकटीच आहे की हो."

"व्हय. एकटीच हाय."

मॅडम उठल्या आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"थोडं आणखी बघता येईल का?" प्राचार्यांनी विचारलं.

"झालं सर. पोरं जिन्यात बसल्यात," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच लेसर बंद केला. पिशवी उचलून त्या दाराकडे गेल्या. त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. प्राचार्य अंधारात तसेच बसून होते. खोली आता त्यांची होती, पण उठा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.